वाट कवाची?

माझ्या फोनमध्ये एक निळी रेघ आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून निघते, डोंगराच्या धारेनं वळणं घेत घेत तोरण्याच्या बुधला माचीला जाऊन मिळते. ती मीच काढलीय. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या एका रविवारी फोन खिशात ठेवला, ॲप चालू केलं आणि दिवसभर चाललो. रात्री घरी येऊन ती रेघ सगळ्यांसाठी टाकली आणि नाव दिलं, 'राजगड-तोरणा, सोपी वाट'. दोन महिन्यांत तीनशेच्या वर लोकांनी ती उतरवून घेतली. ऑफिसात डबा खाताना मी तो आकडा उघडून बघायचो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

त्याच रेघेवर, त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, माझ्या आतेभावाचा हात मोडला.

आतेभाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता. ज्यांच्या घरात कुणी भरती केलीय त्यांना हे सांगायला नको. पहाटे चारला उठून धावणं, सोळाशे मीटर, शंभर मीटर, मग गोळाफेक. रोजचा मोबाइलमधला स्टॉपवॉच, रोजची मोड आलेली मटकी. दिवाळीत फराळाला आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, "दादा, दम वाढवायचाय. मला डोंगरावर ने." मी लगेच हो म्हणालो. मी पाच वेळा केलेली वाट होती. पाचही वेळा जुलै ते सप्टेंबर या काळात केलेली, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यातही आली नाही.

ट्रेक करणाऱ्या लोकांच्या कॅलेंडरमध्ये दोनच मोसम असतात. पावसाळी ट्रेक आणि हिवाळी ट्रेक. पावसाळीच्या पोस्टरवर धुकं आणि धबधबा, हिवाळीच्या पोस्टरवर तंबू आणि शेकोटी. मधला जो महिना-दीड महिना असतो, तुळशीचं लग्न लागून गेल्यानंतरचा, त्याला पोस्टर नाही. सोनकीची पिवळी फुलं सुकलेली असतात आणि थंडी अजून नीट पडलेली नसते. डोंगर हिरवाही नसतो आणि उघडाही नसतो. सगळीकडे गुडघ्याच्या वर गवत, रंग बिस्किटासारखा. आम्ही नेमके त्या दिवसांत गेलो.

---

पहाटे पाचला गुंजवण्यातून निघालो. चोर दरवाज्यानं पद्मावती माची, तिथून संजीवनी माची. आळू दरवाज्यातून बाहेर पडलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. गवतावर दव इतकं की दोघांच्या पँटी गुडघ्यापर्यंत भिजल्या. पावसात भिजायची मला सवय होती. पण या ओल्या गवतावर बूट टेकला की तो स्वतःच्या मनानं चार बोटं पुढे जायचा. मी हसून म्हणालो, "दहापर्यंत वाळेल सगळं."

दहापर्यंत वाळलं, आणि मग कुसळं सुरू झाली. कुसळी गवताचं बी म्हणजे छोटा भाला असतो. मोज्यात घुसतं आणि चालशील तसं आत आत जातं. दर अर्ध्या तासाला बसून मोजे काढा, कुसळं उपटा, परत चाला. सप्टेंबरात हेच गवत मऊ होतं, हात फिरवावासा वाटायचा. माझ्या ॲपवर 'एकूण वेळ' म्हणून जो आकडा होता त्यात कुसळं काढायची वीस-वीस मिनिटं धरलेली नव्हती. वाटेत सावली नव्हती. तीन लिटर पाणी प्रत्येकी आणलं होतं, त्यातलं निम्मं डांबरी रस्त्याच्या खिंडीत येईपर्यंत संपलं. धुक्यात एवढं पाणी कधीच लागलं नव्हतं.

डांबरी रस्ता ओलांडून वर चढलं की धारेवर धनगरांची घरं लागतात. राजगड-तोरणा करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहेत, कारण तिथं ताक मिळतं. आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मावशींनी दोन तांबे ताक दिलं, आमचे लालबुंद चेहरे बघून तिसरा तांब्या न मागता ओतला. आतेभावानं तो काय करतो ते सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मंग आमाला बी पोलिसात वळख झाली म्हनायची." सगळे हसलो.

निघताना त्यांनी विचारलं, "कंच्या अंगानं जानार?"

मी फोन दाखवला. घरांच्या पुढे थोड्या अंतरावर वाट फुटते. एक धारेवरून वर जाते, दोन टेपाडं चढून उतरून. दुसरी त्या टेपाडांना डावीकडून बगल देऊन उतारावरून आडवी जाते आणि पुढे पुन्हा धारेला मिळते. माझी निळी रेघ आडवीनं गेली होती. 'सोपी वाट' ती यामुळेच.

मावशींनी फोनकडे बघितलं नाही. "आडव्यानं नगा जाऊ," म्हणाल्या. "गवात पडलंय. धारंवरनं जावा. येळ लागंल, पर पोचाल."

मी "हो मावशी" म्हणालो. त्या "हो"ला काही अर्थ नव्हता. पुढे गेल्यावर मी घड्याळ बघितलं. नोव्हेंबर संपताना आपल्याकडे सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनमध्ये तो सात वाजून गेल्यावरही असतो. म्हणजे मला सवय असलेल्या दिवसातला एक तास हातातून आधीच गेला होता. टेपाडं चढून उतरण्यात अजून पाऊण तास गेला असता. आतेभावानं विचारलं, "दादा, मावशी तर वरून म्हणाल्या?"

"अरे, मी स्वतः रेकॉर्ड केलीय ही वाट," मी म्हणालो.

---

पहिली पन्नास पावलं वाट दिसत होती. मग ती गवताखाली गेली.

मावशींचं "गवात पडलंय" म्हणजे काय, ते तिथं कळलं. उंच वाढलेलं गवत वाळून उताराच्या दिशेनं आडवं झालेलं होतं, सगळं एकाच दिशेला, चटई अंथरल्यासारखं. त्यावर पाय ठेवला की तळवा खाली सरकायचा. आणि खाली जो मुरूम होता तो सुटा झालेला. घरातल्या फरशीवर ज्वारी सांडली आणि तुम्ही त्यावरून चाललात तर जसं होईल, तसं. उजवीकडे चढ, डावीकडे उतार, आणि तो उतार खाली कुठं संपतो ते दिसत नव्हतं.

सप्टेंबरात दरी दिसायची नाही, कारण धुकं असायचं. आता दरी लख्ख दिसत होती आणि वाट दिसत नव्हती.

मी फोन काढला. निळी रेघ आणि आमचा ठिपका जवळजवळ एकावर एक होते. 'जवळजवळ' हा शब्द मी नंतर फार घोळवला. उघड्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडे-तिकडे असू शकतं. रेकॉर्ड करताना पाच आणि आता चालताना पाच. शहरात पाच मीटर म्हणजे रस्त्याचा हा फुटपाथ की तो फुटपाथ. त्या उतारावर पाच मीटर म्हणजे वाट की वाटेखालचा घसारा.

समोर गवतात एक फट दिसली, माणूस जाईल एवढी. मी तिला वाट समजलो. ती ढोरवाट होती. गुरं चरायला जातात तिथं तिथं अशा वाटा होतात आणि गवत संपलं की त्याही संपतात. ती आम्हाला थोडं थोडं करून खाली घेऊन गेली आणि एका ठिकाणी थांबली. परत फिरायचं म्हणून मी वळलो. आतेभाऊ माझ्या मागे होता, आता तो पुढे झाला. वर चढताना त्यानं आधाराला कारवीची काठी धरली.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून गेली की वाळते. वाळलेल्या काठ्या पुढे बरेच दिवस उभ्या असतात. बघून वाटतं जिवंत आहेत. पावसाळ्यात मी कितीतरी वेळा कारवीला धरून चढलोय आणि त्यालाही मीच शिकवलं होतं, "कारवीला धर, ती सोडत नाही."

काठी मोडल्याचा आवाज आला, अगदी बारीक, काडेपेटीची काडी मोडावी तसा. तो माझ्या शेजारून खाली गेला. मी हात पुढे केला तो त्याच्या बॅगेच्या पट्ट्यालासुद्धा लागला नाही.

वीसेक फूट घसरला असेल. गवताच्या एका गठ्ठ्यात आणि कारवीच्या जुन्या बुंध्यात अडकून थांबला. मी त्याला हाक मारली. उत्तर आलं नाही. मग आलं, "दादा, मी आहे. हात गेला."

उजवा हात.

---

त्याच्यापर्यंत बसून, सरकत, कसा पोचलो ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते हे की मनगटाच्या वर हात वाकडा दिसत होता, आणि तो मला सारखं म्हणत होता, "गोळा उजव्यानंच टाकतो मी." मी मॅटचा तुकडा कापून हाताखाली घातला, मफलरनं बांधला, गळ्यात झोळी केली. पाणी दिलं. फोनला रेंज नव्हती. वर नेणं एकट्याला जमणार नव्हतं, त्याला तिथं सोडून मदतीला जायची हिंमत होत नव्हती. शिट्टी होती, ती वाजवत बसलो.

तीनच्या सुमाराला वरून आवाज आला, "हालू नगा रं! आलो!"

मावशींचे मालक होते, हातात कोयता आणि दोर, बरोबर एक पोरगा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. धारेवरून गेलेला माणूस दुसऱ्या टेपाडावर पोचला की घराच्या अंगणातून दिसतो. मावशी भांडी घासता घासता बघत होत्या. आतेभावाची टोपी केशरी होती. ती टेपाडावर दिसायच्या वेळेला दिसली नाही, तेव्हाच मावशी समजल्या की आम्ही आडव्यानं गेलो.

मामांनी कोयत्यानं उतारावर पायऱ्या खणल्या, एकेक, टाचेपुरत्या. आतेभावाच्या कमरेला दोर बांधला. तासाभरानं आम्ही धारेवर होतो. तोरणा समोर दिसत होता, उन्हात, अगदी जवळ असल्यासारखा. आम्ही त्याच्याकडे पाठ करून धनगरवाड्याकडे परत आलो, तिथून खाली डांबरी रस्त्याला. दुधाची गाडी मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यात कच्चं प्लास्टर, पुण्यात पक्कं. सहा आठवडे.

मैदानी चाचणी पाचव्या आठवड्यात होती.

आत्याला फोन मी केला. मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला वाट माहीत होती ना रे?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. ती खरंच विचारत होती. मी "हो" म्हणालो. दुपारी मावशींना म्हणालो होतो तसाच.

---

पुढचे काही दिवस मी त्या रेघेकडे बघत होतो. तीनशे जण. त्यातले किती दिवाळीनंतर गेले असतील? कुणाला मावशी भेटल्या नसतील, किंवा भेटूनही त्यांनी माझ्याच रेघेवर जास्त विश्वास ठेवला असेल? रेघ काढून टाकावी असं वाटलं. एकदा डिलीटपर्यंत बोटही गेलं. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलीय त्यांच्या फोनमधून ती थोडीच जाणार होती. मग ठरवलं, दुरुस्त करू. बरोबर वाट कुठली ते विचारून येऊ.

फेब्रुवारीत एकटा गेलो, खिंडीतल्या रस्त्यानं थेट धनगरवाड्यावर. चहापूड, साखर आणि टॉर्चचे सेल घेऊन गेलो. मावशींनी आधी हाताची चौकशी केली, मग भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी फोन काढून विचारलं, "मावशी, बरोबर वाट कुठली, ते सांगा. म्हणजे मी लिहून ठेवतो."

त्या म्हणाल्या, "कवाची?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांना माझा कळला नव्हता. वाट कुठली हे विचारताना महिना सांगायचा असतो, एवढी साधी गोष्ट मी कशी सोडली, याचं त्यांना नवल वाटत होतं.

मग मामा आणि मावशी दोघं बोलत राहिले आणि मी लिहून घेत राहिलो. आषाढ-श्रावणात गुरं आडव्यानं फिरतात, म्हणून ती वाट मळलेली असते. माती ओली असते, पाय रुततो, सरकत नाही. पाऊस गेला की तीच माती वाळते. आपल्या सह्याद्रीचा काळा खडक झिजून त्याचा मुरूम होतो आणि पावसात ओलाव्यानं धरलेला हा मुरूम कार्तिकात सुटतो. गवत पडतं. त्या दिवसांत धार धरायची. गवतकापणीला माणसं उतरली की त्यांच्या पायानं नव्या वाटा दिसायला लागतात, त्या कड्याशी जाऊन संपतात, त्यांच्या नादी लागायचं नाही. पुढे उन्हाळ्याकडे कधी वणवा लागून गेला तर डोंगर काळा होतो. तेव्हा वाट लांबून स्पष्ट दिसते, पण धरायला काही उरत नाही. वैशाखात पाण्याचा विचार आधी आणि वाटेचा नंतर करायचा. आणि वळवाचा पाऊस पडून गेला की दोन दिवस कुणीच जायचं नाही, धारेवरनंही नाही.

"आन् दर साली येगळं," मामा शेवटी म्हणाले. "पावसानं काय नेलं काय ठेवलं, ते बघायचं असतं."

मी ट्रेकिंगबद्दल भरपूर वाचलेलं आहे. कुठला बूट घ्यावा, बॅग कशी भरावी, दोराची कुठली गाठ कुठं. गडांचे दरवाजे आणि बुरूज तोंडपाठ आहेत. पण डोंगर माझ्या डोक्यात नकाशासारखा सपाट होता, एकदा काढला की तसाच राहणारा. त्या घरातल्या माणसांना तो आपल्या शेतासारखा माहीत होता. शेत कुठं आहे हे कुणी सांगत बसत नाही. शेतात सध्या काय आहे ते सांगतात.

घरी येऊन रेघेचं नाव बदललं. 'राजगड-तोरणा, सप्टेंबर महिन्यातली वाट'. खाली लिहिलं: दिवाळीनंतर धनगरवाड्याच्या पुढची आडवी वाट घेऊ नका, टेपाडांवरून धारेनं जा. निघण्याआधी घरात विचारा, आणि सांगतील ते ऐका. त्याखाली घडलेलं सगळं लिहिलं, माझा "हो मावशी" धरून. एकानं खाली विचारलं, मग ही रेघ ठेवलीच कशाला? मी उत्तर दिलं की सप्टेंबरात ती खरी आहे. त्याचं समाधान झालं की नाही, ठाऊक नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही.

आतेभाऊ त्या वर्षी मैदानात उतरू शकला नाही. पुढच्या भरतीला उतरला. धावण्यात चांगले गुण मिळाले, गोळ्यात दोन गुण कमी पडले. हाताचं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. थंडीत मनगट दुखतं, हे मला आत्यानं सांगितलं. यंदा तो परत फॉर्म भरणार आहे.

गेल्या दिवाळीत फराळाला आला तेव्हा चिवडा खाता खाता म्हणाला, "दादा, आपला तोरणा राहिलाय."

मी काही बोललो नाही. तोच पुढे म्हणाला, "या महिन्यात नको. जानेवारीत जाऊ. आधी मामांना फोन लाव."

मामांच्या पोराकडे आता फोन आहे. डांबरी रस्त्यावर आला की रेंज येते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी फोन केला आणि पहिल्यांदाच नीट विचारलं, "येत्या रविवारी यायचंय. सध्या वाट कशीय?"

"सध्या ना?" तो म्हणाला. "थांबा, उद्या गुरं घिऊन जातुया तिकडं. बघतो आन् सांगतो."

आम्ही थांबलो.